घरात दहावी कशी बसवावी

अभिनंदन! यंदा तुमच्याकडे दहावी आहे. गणपती बसवतात तशी ही घरात बसवावी लागते. फरक इतकाच की गणपती फार तर अकरा दिवसांत उठतात. ही एका एप्रिलमध्ये बसते ती पुढच्या मे महिन्यात निकाल लागेपर्यंत जागची हलत नाही.

ज्यांच्या घरी हा पहिलाच प्रसंग आहे, अशा नवख्या आईवडिलांसाठी हे मार्गदर्शन. दुसऱ्या मुलाच्या वेळी त्याची गरज पडत नाही. तोवर तुमचा हात बसलेला असतो आणि धाकट्यानं थोरलीचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे तो आयताच घाबरलेला मिळतो.

आधी उद्दिष्ट नक्की करू. पहिल्या पेपरच्या सकाळी मुलाला पोळीचा दुसरा घास उतरता कामा नये. तळहात ओले हवेत. 'झोप लागली का?' या प्रश्नाला त्यानं खरं उत्तर देऊ नये. एवढं जमलं, की पालक म्हणून तुमची तयारी पूर्ण झाली. मुलाची तयारी हा वेगळा विषय आहे, त्याचं तो बघेल.

याला शास्त्राचा आधार आहे बरं का. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिलं, की त्यानं ते लवकर शिकतात का. सौम्य झटक्यानं शिकतात, असं दिसलं. काम अवघड असेल तर झटका वाढवल्यावर शिकणं उलट बिघडतं, असंही दिसलं. यातलं पहिलं वाक्य पाठ करा. दुसरं ऑप्शनला टाका.

१. मुहूर्त चुकवू नका

नववीचा शेवटचा पेपर संपतो त्याच संध्याकाळी क्लासच्या चौकशीला बाहेर पडा. दुसऱ्या दिवशी गेलात तर व्हेकेशन बॅच भरलेली असते. निदान तसं सांगतात. क्लास फ्लेक्सवरून निवडावा. ज्या फ्लेक्सवर पासपोर्ट फोटो जास्त आणि टक्क्यांचे आकडे फोटोंपेक्षा मोठे, तो क्लास चांगला. एकच मुलगी चौकातल्या तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसली तर गोंधळू नका. एकाकडे ती गणिताला होती, दुसऱ्याकडे टेस्ट सिरीजला आणि तिसऱ्याकडे डेमो लेक्चरला एकदा बसून गेली होती.

ऑगस्टपर्यंत पोर्शन संपवतो, अशी हमी देणारा क्लास घ्या. तेच धडे शाळेत डिसेंबरपर्यंत चालतात. म्हणजे प्रत्येक धडा मुलाला दोनदा कंटाळवाणा करून मिळतो, आणि तोही एका फीमध्ये.

२. वातावरण तयार करा

इथे घाई करू नका. सगळी मेख इथेच आहे. हुशारी वर्गात असते, वातावरण घरात.

टीव्हीचा रिचार्ज संपू द्या आणि ही बातमी सगळ्या नातेवाइकांना कळवा. आजीची मालिका तिला मोबाइलवर लावून द्या. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळे इअरफोन घालून ती जे काही बोलते ते शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जातं. पण टीव्ही बंद आहे, हे महत्त्वाचं. लग्नाची आमंत्रणं आली की 'यंदा नाही जमणार, दहावी आहे' म्हणावं. समोरचा लगेच सुतकाला पाडतात तसा चेहरा पाडतो. वर्षभर मुलाच्या नावावर किती लग्नं, बारशी आणि वास्तुशांती टाळल्या, याचा हिशेब तोंडपाठ असू द्या. जानेवारीत तो ऐकवायला लागणार आहे.

घरात कुजबुजत बोला. कुजबुजणं बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं आणि त्यात नक्की आपलंच नाव आहे, असं ऐकणाऱ्याला वाटत राहतं.

आता दार. अभ्यासाच्या खोलीचं दार उघडं नको, व्यत्यय येतो. बंदही नको, आत काय चाललंय ते कळत नाही. चार बोटं फट राहील इतकं लोटा. त्या फटीतून ओट्याशी उभ्या असलेल्या आईला टेबलावरचा कोपर आणि पुस्तकाची कड दिसते. दर वीस मिनिटांनी काहीतरी घेऊन आत जायचं: पाणी, सफरचंदाच्या फोडी, इस्त्रीचे कपडे. ताटली ठेवताना मुलाकडे पाहू नका, पुस्तकाच्या पानाचा आकडा पाहा. मघाशी ६२ होता आणि आत्ताही ६२ च असेल तर एक शब्द बोलायचा नाही. फक्त श्वास सोडायचा, ऐकू जाईल इतका. फोडी काळ्या पडलेल्या दिसल्या तर 'खा ना रे, तुझ्यासाठीच कापल्यात' म्हणायचं. निघताना दार पुन्हा चार बोटंच.

मोबाइल तुमच्या ताब्यात असतो. पण क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपवरच येतात, त्यामुळे तो मागायला बिचाऱ्याला तासातासाला बाहेर यावं लागतं. देताना 'कशाला?' विचारायला विसरू नका.

३. वेळापत्रक

कार्डशीटवर, तीन रंगांत, वडिलांच्या अक्षरात. पहाटे साडेचारला सुरुवात. रात्री अकराच्या पुढचे रकाने 'उजळणी' म्हणून भरून टाका. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, आणि वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेतच, असं डॉक्टर मंडळी सांगत असतात. त्यांचं ऐकून घ्यावं. डॉक्टर झाल्यावर तुमचं मूलही तेच सांगेल, पण त्यासाठी आधी साडेचारला उठायला हवं.

वेळापत्रक फ्रिजवर लावा. पाहुण्यांना ते तिथूनच नीट दिसतं.

४. अभ्यास ऐकू आला पाहिजे

अभ्यासाची पद्धत मुलावर सोडू नका. हल्लीच्या मुलांना एक खोड असते: धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि छताकडे बघत काय काय आठवतंय ते जुळवत बसायचं. हे दिसायला फार वाईट दिसतं. दुर्दैवानं संशोधकही त्यांच्याच बाजूचे आहेत. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच निघालं, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. गंमत म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपलंच जास्त पाठ झालंय असं वाटत होतं.

ते त्यांच्या अमेरिकेत ठीक आहे. आपल्याकडे स्वयंपाकघरात उभं राहून अभ्यासावर लक्ष ठेवायचं असतं आणि छताकडे बघण्याचा आवाज येत नाही. मोठ्यानं वाचायला सांगा. 'इलेक्ट्रॉन संरूपण' हा शब्द कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे किमान चारदा ऐकू आला, की आईला शांतपणे पोळ्या लाटता येतात. शिवाय हायलायटर आणून द्या. पानावर एकही ओळ पांढरी उरता कामा नये.

भाषांच्या पेपरांना आता कृतिपत्रिका म्हणतात. मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहावं, अशी त्यामागे मंडळाची अपेक्षा आहे. म्हणून स्वतःच्या शब्दांतल्या उत्तरांचं गाइड बाजारातून आणा आणि तेही पाठ करून घ्या.

५. खुराक

रात्री भिजवलेले बदाम, सकाळी सोलून. अक्रोड, कारण तो मेंदूसारखा दिसतो. ब्राह्मी आणि शंखपुष्पी, कारण मावशीच्या दिरांच्या मुलाला दिली होती. त्याचं पुढे काय झालं, ते विचारू नये.

६. तुलनेसाठी एक नमुना पाळा

एकच, पण चांगला. शक्यतो त्याच जिन्यातला. उत्तम नमुना म्हणजे अशी मुलगी, जी कथक शिकते, कबड्डी खेळते, आजोबांना औषधं आणून देते आणि तरी सराव परीक्षेत ९६ टक्के आणते. तिच्या घरी तुमचा मुलगा नमुना म्हणून चालू असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही आयांनी ही गोष्ट एकमेकींपासून लपवून ठेवावी.

घरगुती नमुना कमी पडला, तर राज्याचे आकडे काढा. २०२५ च्या दहावीत २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. हा आकडा जेवताना, आमटी वाढता वाढता सांगायचा. 'लातूरला पाण्याची केवढी टंचाई, तरी बघ.' हे शंभर टक्के जमतात कसे, ते मात्र सांगू नका. सहा विषयांचे सहाशे गुण असले तरी टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते, आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण वर मिळतात. हे एकदा कळलं, की मूल हिशेब करायला लागतं आणि हिशेब करणारं मूल नीट घाबरत नाही.

तुम्ही स्वतः मात्र दोन्ही नियमांचा पुरेपूर उपयोग करा. जो विषय सगळ्यांत कच्चा, त्याला सगळ्यांत महागडी शिकवणी लावा. शेवटी टक्केवारीतून गळतो तो बहुधा तोच. आणि मुलाला चित्रं काढायला मनापासून आवडत असेल तर इंटरमिजिएटला बसवाच. आवड जाते, गुण राहतात.

मंडळानं गुणवत्ता यादी लावणं केव्हाच बंद केलं, अशी आठवण कुणी तरी करून देईल. खरं आहे. तेव्हापासून ते काम क्लासवाले आणि नगरसेवक सांभाळतात.

७. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणत राहा

उठल्यावर एकदा, जेवताना एकदा, आणि झोप लागत असताना दिवा लावून एकदा. हे वाक्य एकटं कधी सोडू नये, त्याला शेपूट लावावं. 'टेन्शन घेऊ नकोस, फक्त सिली मिस्टेक करू नकोस.' 'टेन्शन घेऊ नकोस, आम्ही मार्कांकडे बघत नाही, पण लोक विचारतात.' 'टेन्शन घेऊ नकोस, बाबांनी कर्ज काढलंय ते फेडायला ते समर्थ आहेत.' आजोबांना सामील करून घ्या. त्यांच्या वेळी अकरावीची मॅट्रिक होती, कंदील होता आणि पाच मैल चालायचं होतं. एवढ्या भांडवलावर ते एक अख्खी संध्याकाळ नासवू शकतात.

काही लक्षणं दिसू लागली, की तुमचं काम मार्गी लागलं असं समजा. सकाळी पोटात दुखणं: याला 'नाटक' म्हणावं. पाठ असलेलं ऐन वेळी न आठवणं: 'लक्ष नव्हतं.' विनाकारण रडू येणं: 'आता रडून काय उपयोग? वर्षभर करायला हवं होतं.' रात्री एकदम खोलीबाहेर येऊन, काही न बोलता तुमच्या शेजारी बसणं: याला नाव सापडत नाही. पाणी देऊन परत पाठवतात.

परीक्षेच्या काळात मंडळ दर वर्षी विभागवार समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. मुलांसाठी आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवाही आहे, १४४१६ या नंबरवर, दिवसरात्र आणि फुकट. पहिला फोन तुम्ही स्वतः करा. 'आमचा मुलगा अजिबात टेन्शन घेत नाही हो' अशी सुरुवात करा आणि पलीकडून 'मुलगा बरा आहे, तुम्ही कसे आहात?' असं विचारलं गेलं तर रेंज गेली म्हणा.

आणखी एक धोका आहे. रामिरेझ आणि बाइलॉक यांचा २०११ चा प्रयोग आहे: परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढलेल्या धास्तावलेल्या मुलांनी पेपर जास्त चांगला सोडवला. असलं काही शाळेत शिकवत असतील तर सावध राहा. त्या दहा मिनिटांत भूमितीची पाच प्रमेयं होतात. शिवाय तो कागद तुमच्या हाती लागला, तर वाचावा लागेल.

८. गुप्त ठेवायची माहिती

पुढील गोष्टी निकाल हातात येईपर्यंत घरात उच्चारू नयेत. पास व्हायला ३५ गुण लागतात. २०२५ मध्ये राज्यात ९४.१० टक्के मुलं पास झाली. एखाद-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत जाता येतं, आणि काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते. अकरावीच्या जागा पास होणाऱ्या मुलांपेक्षा जास्त आहेत. गर्दी असते ती चार नावाजलेल्या कॉलेजांच्या दारात. यातलं एक जरी वाक्य मुलाच्या कानावर गेलं, तर तो रात्री शांत झोपेल आणि तुमची वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल.

९. पेपरची सकाळ

तळहातावर दही-साखर. देवासमोर रात्रभर ठेवलेली चार पेनं, त्यांतलं एक चालतं का ते कुणीच पाहिलेलं नाही. हॉल तिकीट आईनं तपासायचं, मग बाबांनी, मग पुन्हा आईनं, कारण बाबांनी तपासलंय. पेपर अकराचा, वर्गात हजेरी साडेदहाची, म्हणून साडेआठला निघा. वाटेत 'आठव्या धड्यातलं ते केलंयस ना?' एवढंच विचारा. कुठलं ते, हे सांगू नका.

पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं आधी देत. पण तेवढ्यात तिचे फोटो गावभर फिरू लागले, म्हणून २०२३ पासून ती बरोबर वेळेवर देतात आणि दहा मिनिटं शेवटी वाढवून देतात. उद्योग मोठ्यांचे, घड्याळ मुलांचं; पण हा विषय गेटवर काढू नका, तिथे काही जण अजूनही कंपाउंडच्या भिंतीची उंची अजमावत असतात.

मूल आत गेलं म्हणून घरी जायचं नाही. समोरच्या झाडाखाली वर्तमानपत्र अंथरून बसा. तिथे तुमच्यासारखेच इतर भेटतील. एकाच्या पिशवीत ग्लुकोज, एकीच्या हातात जपमाळ, एक जण मुलाची पट्टी घेऊन हिंडतोय, कारण ती आत द्यायची राहिली. कुणाच्या मुलाचं काय काय झालंय याची देवाणघेवाण करा. तीन तासांत तुम्हाला अशा तीन धड्यांची नावं कळतील, ज्यांच्याबद्दल तुम्ही घरी कधी ऐकलंच नव्हतं. ती लिहून ठेवा.

१०. शवविच्छेदन

गेटमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला गर्दीतच गाठा. 'कसा गेला?' उत्तर येईल, 'बरा.' हे उत्तर ग्राह्य धरू नका. प्रश्नपत्रिका हातातून काढून घ्या, स्कूटरच्या सीटवर पसरा, पेन काढा. प्रत्येक प्रश्नापुढे 'पक्के' आणि 'धरून चालू' असे दोन रकाने. तोवर पालकांच्या ग्रुपवर चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलेलं असेल. ते तुमच्या मुलाच्या उत्तराशी जुळलं नाही तर ते वाचून दाखवा, अक्षरन् अक्षर. नंतर तेच उत्तर चूक होतं, असा मेसेज येतो. तो रात्री वाचला तरी चालेल. पुढचा पेपर परवा आहे आणि झाल्या पेपरात आता काही बदलता येत नाही, म्हणूनच त्यावर मनसोक्त वेळ घालवता येतो.

शेवटचा पेपर झाला की मूल बहुधा बारा-चौदा तास सलग झोपतं. झोपू द्या. अकरावीच्या क्लासचं फाउंडेशन सोमवारपासून आहे.

११. निकाल

निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो. पावणेबारापासून घरातले तीन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसा. साइट उघडणार नाही. रिफ्रेश करत राहा. मध्येच काकांचा फोन येईल, 'लागला का?' तो कापा. तो पुन्हा येईल. देवाजवळ निरांजन लावलेलं असेल तर त्यात तेल घालायला आजीला सांगा, म्हणजे ती विचारायची थांबेल.

शेवटी पान उघडलं, की त्यावर दोन चौकोन दिसतील. एकात बैठक क्रमांक भरायचा, दुसऱ्यात आईचं नाव. मुलाचं नाव मंडळानं विचारलेलं नाही, त्यामुळे तो त्या वेळी घरात नसला तरी अडत नाही. त्याला खाली दूध आणायला पाठवा. आईचं नाव मात्र हॉल तिकिटावर आहे अगदी तसंच टाका, एकाही अक्षराची चूक न करता.